रिकाम्या टाकीचे भय

म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 साली बंद पडला, तरी त्याच्या जुन्या येझदी अजून धावतात. त्यांच्या टाक्या आतून गंजतात, तळाला भोक पडते, आणि गॅरेजातला शिकाऊ पोरगा टॉर्च पेटवतो. टाकी रिकामी, मग भय कसले? वाचकहो, भय तिथेच आहे. भडकते ती पेट्रोलची वाफ. ती रिकाम्या टाकीत हवेशी मिसळून बसलेली असते. एकदा विसळून ती जात नाही.

हे जोखमीचे काम नेहमी आपल्याच पोरांच्या वाट्याला का, हे आयांनी मालकाला विचारावे, असे आम्हांस वाटते. डाग जाणत्या कारागिरानेच द्यावा, तोही टाकी गरम साबणपाण्याने पुनःपुन्हा धुऊन. मग पाणी भरून पाझर पाहावा, टाकी पूर्ण वाळवावी आणि बसवताना खालची झिजलेली रबरे बदलावीत. नाहीतर हादऱ्याने पत्रा पुन्हा चिरतो.