‘तिथं काय आहे बघण्यासारखं?’

भाऊबीजेला आम्ही दरसाल किकवीला ताईकडे जातो. पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळ मागे पडले आणि नीरा नदी अजून यायची असली, की मधे हे गाव लागते. गेल्या वर्षी ओवाळणी झाली, फराळ झाला, दुपारची झोपही झाली, आणि अंगणातल्या किल्ल्यापाशी बसलेल्या भाचीने मला विचारले, “मामा, खरी गुहा कशी असते?”

ज्याने जन्मात एकदा तरी दिवाळीतला किल्ला केला आहे, त्याला हा प्रश्न कुठून आला ते सांगावे लागणार नाही. वर महाराज, वाटेवर मावळे, अळीव पेरून उगवलेली हिरवळ, आणि खाली चिखलात बोटांनी पाडलेले एक भोक. त्या भोकात मातीचा वाघ. बुरूज कसा करावा हे पोरांना शिकवावे लागते. गुहा शिकवावी लागत नाही.

“उद्या दाखवतो,” मी म्हणालो. त्यावर दाजी सुपारी कातरता कातरता म्हणाले, “तिथं काय आहे बघण्यासारखं, पाव्हणं? ना देव, ना लेणं. नुसतं भगदाड हाय ते.”

माझे भांडण आहे ते या वाक्याशी. दाजींशी नाही, दाजी देवमाणूस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हातात बॅटरी आणि काठी घेऊन सगळ्यांच्या पुढे तेच चालत होते. पण हे वाक्य एकट्या दाजींचे नाही. पुण्यात माझ्या शेजारचे सुशिक्षित गृहस्थही शब्दाशब्दाने हेच बोलतात, फक्त ‘हाय’च्या जागी ‘आहे’ म्हणतात.

आपण लेण्यांच्या मुलखातली माणसे. अजिंठा, वेरूळ, कार्ले सोडा. किकवीहून नीरा ओलांडून शिरवळला गेले तर तिथेही बौद्ध लेणी आहेत. कोरीव पाहण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की न कोरलेले दिसले की आपण कपाळाला आठ्या घालतो. कोणी केली? कधी केली? पाटी कुठे आहे? आणि कर्ता सापडला नाही की पांडव आहेतच. नाशिकची लेणी बौद्धांची, पण नाव आपण पांडवलेणीच ठेवले. बिचाऱ्यांना वनवासात छिन्नी-हातोड्याखेरीज दुसरा उद्योग नव्हता असेच कोणाला वाटेल! राजगडाचेच पाहा. २०२५ साली तो जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्याचा मला अभिमान आहे. पण गड उतरून आलेल्या पोराला विचारा, काय पाहिलेस? तो सुवेळा माचीवरचे नेढे सांगेल. कातळाला आरपार पडलेले ते भोक कोणत्याही राजाने पाडलेले नाही; वारा-पावसाने पाडले आहे.

आमची गुहा नेढ्याइतकी थोर नाही. किकवीच्या आसपासच्या एका वाडीच्या वर, डोंगराच्या कडेला ती आहे. डोंगराचे नाव मी लिहीत नाही. लिहिले तर पुढच्या रविवारी तिथे भेळेची गाडी लागेल. पायथ्यापासून अर्धा तास, धाकट्या भाच्याच्या पावलांनी पाऊण. तोंड रुंद, छप्पर ठेंगणे; मोठ्या माणसाला वाकावे लागते आणि लहानाला ताठ जाता येते. मुलांना याचाच केवढा आनंद झाला!

आत गेल्यावर भाचीने भिंतीवरून हात फिरवला, तो तांबडा झाला. “मामा, इथं गेरू आहे!” गेरू नव्हे, पण पोरीने नेमकी जागा पकडली होती. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला. एक थर निवून त्याच्यावर माती धरायची, मग पुढचा तप्त थर येऊन ती माती भाजून काढायचा. विटेसारखा तांबडा असा तो मऊ पट्टा दोन कठीण कातळांच्या मधे राहतो. पाणी झिरपते, मऊ ते आधी झिजते, वरचा कातळ छपरासारखा उरतो. कर्ता हवा होता ना? हा घ्या कर्ता: पाणी. आणि ते अजून कामावर आहे. छपरातून थेंब पडत होते आणि धाकटा तोंड उघडून त्याखाली उभा होता.

आता आयांचा मुद्दा. आमची ही आणि ताई दोघी तोंडाशीच थांबल्या आणि “आत नको रे, किरडू असेल” असा घोष लावला. हा मुद्दा खोटा नाही. बॅटरीचा उजेड टाकल्याशिवाय पाऊल टाकू नये, दगडाखाली हात घालू नये, सुटा दगड लोंबत असेल तिथे उभे राहू नये, कड्यावर आग्या मोहोळ असेल तर आल्या पावली परतावे. धूर तर कधीच करू नये. एवढे केल्यावर जी भीती उरते, ती मात्र पोराची हक्काची आहे. ती त्याच्याकडून काढून घेऊ नका. बॅटरी मिनिटभर विझवली तेव्हा धाकट्याने माझे बोट असे आवळले, की पडद्यावरच्या शंभर राक्षसांना ते साधले नसते.

थोरल्या भाच्याच्या खिशात सुतळी बॉम्ब निघाला. आत कसा घुमतो ते त्याला पाहायचे होते. मी बॅटरी वर वळवली: फटीत वटवाघळे लटकलेली, मुठीएवढी. यांना वर्षाला एकच पिल्लू होते, आणि रात्रभर ही शेतातले किडे खातात, हे त्याला हळू आवाजात सांगितले. बॉम्ब खिशात परत गेला. त्याला रागावावे लागले नाही, कारण वटवाघूळ समोर होते. हेच मी घरी बसून सांगितले असते तर?

पण खरा वैरी पुढेच आहे. उतरताना वाडीतली काही उत्साही तरुण मंडळी भेटली. मनाने चांगली, मुलांना पाणी पाजले. म्हणाली, वर्गणी जमते आहे. गुहेला सिमेंटच्या पायऱ्या, खाली फरशी, आत दिवे, दाराला लोखंडी जाळी, आणि एक मूर्ती बसवायची. “म्हणजे माणसं येतील बघायला!” देवाला माझा विरोध नाही. पण फरशी घातली की तांबडा पट्टा गेला, दिवे लागले की वटवाघळे गेली, छपराचे गळणे ‘दुरुस्त’ केले की तो थेंबही गेला. मग बघायला उरेल काय? आमची फरशी! ती घरी आहे. ज्या एका जागी माणसाचा हात लागलेला नव्हता, तिथे हात लावून आपण तिला बघण्यासारखी करणार. वर्गणी जमलीच असेल तर वाडीतल्या शाळेला चार बॅटऱ्या घ्या आणि मास्तरांना पोरे घेऊन वर पाठवा.

मी हे तिथल्या तिथे बोललो. मंडळी गप्प झाली. पटले म्हणून की पाहुणा म्हणून, कोण जाणे. दाजी वाटेत बराच वेळ काही बोलले नाहीत. घरी येऊन पाय धुतले, सुपारीचा अडकित्ता हातात घेतला आणि म्हणाले, “वर्गणीचं पावतीपुस्तक माझ्यापाशीच हाय, पाव्हणं.”

अंगणात भाचीने वाघ बाहेर काढून ठेवला होता आणि भोकाच्या छपरावर चमच्याने पाणी सोडत होती.