नाल्यांना वाली कोण?

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की आपल्या शहरांतील रस्त्यांचे ओहोळ होतात, सखल भागांतील दुकानांत पाणी शिरते आणि दुसऱ्या दिवसापासून पालिका, सार्वजनिक बांधकाम खाते व जलस्रोत खाते यांच्यात जबाबदारी एकमेकांच्या गळ्यात घालण्याची अहमहमिका सुरू होते. हा वार्षिक विधी आता इतका अंगवळणी पडला आहे की त्यातील खरा प्रश्न कोणी विचारीतच नाही. पाणी तुंबले की आपण ओरड करतो आणि ते ओसरले की समाधान मानतो. पण ओसरलेले पाणी गेले कोठे, आणि जाताना त्याने बरोबर काय नेले, याची चौकशी करण्याचे आपल्याला सुचत नाही. गटार हे पाणी ‘घालविण्याचे’ साधन आहे, अशी आपली समजूत आहे. वस्तुतः पाणी कोठेही जात नाही. ते मांडवीत जाते, साळ नदीत जाते, खाजनांत मुरते आणि विहिरीच्या झऱ्यांतून पुन्हा आपल्याच घागरीत येते.

या विषयावर देशात मार्गदर्शक सूचनांचा दुष्काळ आहे असे मात्र नाही. केंद्रीय सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेने १९९३ साली मलनिःसारणाची संहिता सिद्ध केली तेव्हा पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा विचार तिच्यातच उरकण्यात आला होता. शहराच्या कडेच्या वस्त्यांत वर्षातून दोन वेळा पाणी तुंबले तरी चालेल, असा हिशेब धरून गटारांची मापे ठरविण्याची मुभा त्या संहितेने दिली होती. २०१० साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शहरी पुरांविषयी स्वतंत्र सूचना काढल्या आणि सर्व मोठ्या नाल्यांतील गाळ दर वर्षी ३१ मार्चपर्यंत काढून झाला पाहिजे, असे त्यांत बजावले. २०१९ साली पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी प्रथमच एक वेगळी राष्ट्रीय संहिता आली. म्हणजे कागद सुधारत गेले आहेत. नाले मात्र सुधारलेले नाहीत. गाळ काढण्यास आपल्याकडे मे महिन्यात हात घातला जातो, आणि तो काढून नाल्याच्याच काठावर रचला जातो. पहिल्या पावसाने तो पुन्हा नाल्यात उतरतो. येरे माझ्या मागल्या, हीच आपल्या नालेसफाईची खरी नियमावली होय.

केंद्राची संहिता साऱ्या देशासाठी लिहिलेली असते. नागपूरच्या नाल्याला समुद्राची भीती नाही. पणजीच्या नाल्याला ती दिवसातून दोन वेळा आहे. भरती येते तेव्हा नदीची पातळी नाल्याच्या मुखापेक्षा वर चढते आणि नाल्यातील पाण्याला बाहेर पडण्यास वाट उरत नाही. त्याच घटकेला पावसाचा जोर असेल तर गटार कितीही रुंद असो, पाणी रस्त्यावर येणारच. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यातील बहुतेक सारा चार महिन्यांत, आणि दारात भरतीओहोटी, अशा भूमीला परक्या मापाचे गटार पुरे पडत नाही. राष्ट्रीय सूचना गोव्याच्या भूगोलात बसवून घेण्याचे काम गोव्यालाच करावे लागेल.

हे काम आपल्या पूर्वजांना अवघड वाटले नव्हते. खाजन शेतीची रचना पाहावी. खाऱ्या पाण्याला अडविणारा बांध, पावसाचे पाणी साठवून धरणारी पोय, आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडून भरतीला आपोआप मिटणारी मानशीची लाकडी दारे, असा तो सारा व्यवहार होता. गावकाऱ्यांनी तो पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून सांभाळला. १५२६ सालच्या फोरालात पोर्तुगीज सत्तेलाही गावकाऱ्यांच्या रूढींची नोंद घ्यावी लागली. बांध कोणी राखावयाचा, फुटल्यास कोणी धावून जावयाचे आणि खर्च कोणी सोसावयाचा, हे त्या व्यवस्थेत ठरलेले होते. आज नेमके तेच ठरलेले नाही. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला न्याय दिला, हे योग्यच झाले. परंतु बांधाची आणि मानशीची जबाबदारी कूळ संघ, कोमुनिदाद व सरकार यांच्यामध्ये लोंबकळत राहिली. मासळीच्या लोभाने मानशीची दारे अवेळी उघडी ठेवली जातात, खारे पाणी शेतात शिरते, आणि पडीक खाजनावर उद्या मातीचा भराव पडतो. ज्या खाजनात शहराच्या पावसाचे पाणी काही तास विसावत असे, तेच बुजविल्यावर ते पाणी आपल्या ओटीवर येऊन बसले, तर दोष पावसाचा नव्हे.

पाण्याच्या प्रमाणाइतकाच, किंबहुना त्याहूनही गंभीर, प्रश्न पाण्याच्या गुणाचा आहे. ताळगावाकडून येऊन टोंक, सांतिनेज या भागांतून मांडवीला मिळणारा सांतिनेजचा नाला एके काळी होडी चालण्याजोगा प्रवाह होता. आज त्याच्याकडे पाहून ही गोष्ट नव्या पिढीला खरी वाटणार नाही. मडगावच्या सांडपाण्याने साळ नदीची जी दशा केली, ती सासष्टीतील प्रत्येक मच्छीमाराला ठाऊक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यांत या चिमुकल्या राज्यातील ११ होते. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने प्रत्येक राज्याला नद्यांच्या पुनरुज्जीवनाचे कृती आराखडे करण्यास लावले. परंतु आराखडा नदीचा आणि घाण नाल्याची, असा हा प्रकार आहे. नदी मळते ती मध्यभागी नव्हे. ती मळते नाल्याच्या मुखाशी. नाला हा नदीचाच अवयव आहे, हे मान्य केल्यावाचून नदीची शुद्धी होणे नाही.

म्हणून नव्या सूचनांत पहिले कलम पाण्याच्या तपासणीचे असावे, असे आम्हांस वाटते. स्नानास योग्य पाण्यासाठी केंद्रीय मंडळाने ठरविलेला दंडक असा आहे: लिटरमध्ये विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम हवा, जैविक घाण कुजताना लागणाऱ्या प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमच्या आत हवी, आणि मैल्यातील जंतूंची संख्या शंभर मिलिलिटरला ५०० पर्यंत असणे इष्ट, २,५०० ही अखेरची मर्यादा. दंडक चांगला आहे. प्रश्न नमुना केव्हा व कोठे घेतला जातो याचा आहे. भरतीच्या वेळी नदीच्या मध्यावर बाटली बुडविली तर समुद्राच्या पाण्याची परीक्षा होईल, नाल्याची नव्हे. ओहोटी लागल्यावर, नाल्याच्या मुखाशी, आणि विशेषतः पहिल्या पावसाने साऱ्या उन्हाळ्याची घाण एकदम धुऊन आणली असता नमुना घेतला, तरच सत्य कळेल. हे आकडे प्रयोगशाळेच्या फायलीत न राहता पालिकेच्या व पंचायतीच्या फलकावर मराठी-कोंकणीतून लागले पाहिजेत.

हा केवळ सौंदर्याचा प्रश्न आहे, असा कोणाचा समज असेल तर त्याने आपल्या ताटाकडे पाहावे. तिसऱ्या, खुबे, शिनाणे, कालवे हे जीव पाणी गाळूनच आपले अन्न मिळवितात. पाण्यात जे जंतू असतील ते त्यांच्या देहात साठतात. जांभ्या दगडाची आपली भूमी सच्छिद्र आहे. शोषखड्ड्यातील पाणी तिच्यातून शेजारच्या विहिरीपर्यंत पोचण्यास फारसा वेळ लागत नाही. डासांविषयीही आपल्या समजुती तपासून घेतल्या पाहिजेत. शहरी मलेरियाचा डास बांधकामावरील टाक्यांच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. हत्तीरोग पसरविणारा क्यूलेक्स मात्र तुंबलेल्या घाण गटारातच पोसला जातो. एकाच औषधाची फवारणी मारून दोघांचाही बंदोबस्त झाला, असे समजणारे खाते आपली फसवणूक करून घेत असते.

गोव्याला तर या बाबतीत इतिहासाने जबर शिक्षा केलेली आहे. १५४३ साली राजधानीत जी भयंकर साथ उसळली तिचे वर्णन गास्पार कोर्रेया या पोर्तुगीज बखरकाराने केले, आणि आपला ‘मोडशी’ हा शब्द त्या निमित्ताने पोर्तुगीजांच्या लिखाणात गेला. जुने गोवे हे वैभवशाली नगर ओस पडले त्यामागे व्यापाराची व सत्तेची उतरती कळा होतीच. पण घाणीने दूषित झालेल्या विहिरी आणि एकामागून एक आलेल्या साथी यांनी त्या नगराचे कंबरडे मोडले, हे इतिहासकार सांगतात. १७५९ साली व्हाइसरॉयने आपले वास्तव्य पणजीला हलविले आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. दलदलीतून, भराव घालून व पाणी काढून हे शहर उभे राहिले. निचऱ्याअभावी एक राजधानी गमावून आपण दुसरी वसविली. तिसरी वसविण्यास आता जागा नाही.

दुसरे कलम मालकीचे. रस्त्याकडेचे गटार एका खात्याचे, त्याला मिळणारा नाला दुसऱ्याचा, त्याच्या मुखावरची मानस कोमुनिदादीची, आणि मधली वस्ती पंचायतीची, अशी आजची वाटणी आहे. प्रत्येक नाल्याची उगमापासून मुखापर्यंत एकच नोंदवही आणि त्या नोंदवहीवर सही करणारा एकच जबाबदार अधिकारी, एवढे झाले तरी निम्मे काम होईल. पालिकेची हद्द संपली म्हणून पाणी थांबत नाही. जबाबदारीही थांबता कामा नये.

तिसरे कलम गाळाचे आणि तो काढणाऱ्या हातांचे. गाळ कोठे टाकावयाचा हे काम सुरू होण्यापूर्वी ठरले पाहिजे, आणि शहरी नाल्याचा गाळ परीक्षेवाचून शेतात किंवा खारफुटीत टाकण्यास सक्त मनाई असली पाहिजे. मैला सोडलेली उघडी गटारे माणसाकडून हाताने साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. भूमिगत गटारात गुदमरून मृत्यू आल्यास वारसांना ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. नुकसानभरपाईची रक्कम वाढणे हे समाधानाचे कारण नव्हे. ती देण्याची वेळच येऊ नये, यासाठी यंत्रे आणि मोठ्या वस्तीत मलवाहिनी हाच उपाय आहे.

येथे नागरिकांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. २००८ साली राज्याने मलनिःसारणाचा कायदा केला. दारावरून वाहिनी गेली तरी घर तिला जोडावयाचे नाही आणि टाकीचा जादा प्रवाह रात्रीच्या पावसात गुपचूप गटारात सोडावयाचा, ही चलाखी काही केवळ हॉटेलवालेच करतात असे नाही. जोडणीचा खर्च गरिबाला पेलत नसेल तर तो सरकारने उचलावा. ज्याला पेलतो त्याच्याकडून दंडासह वसूल करावा. चतुर्थीला आपण गणरायाला वहाळात, तळीत, नदीत निरोप देतो. विसर्जनाच्या सुधारित सूचना केंद्रीय मंडळाने २०२० साली काढल्या आणि चिकणमातीच्या मूर्तीचा आग्रह धरला; आमच्या वाडवडिलांनी दुसरी मूर्ती कधी पुजलीच नव्हती. पण मूर्ती मातीची आणि पाणी गटाराचे, तर त्या भक्तीला अर्थ काय उरला? ज्या पाण्यात आपण हात धुणार नाही त्यात देवाला बुडवितो, हे धर्मशास्त्रात कोठे बसते, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

पंचायतींकडे पैसा नाही, असे उत्तर मिळेल याची आम्हांस कल्पना आहे. ते काही अंशी खरेही आहे. परंतु दर वर्षी तोच गाळ काढण्यासाठी, तेच रस्ते उखडण्यासाठी आणि तेच रोग आवरण्यासाठी जो पैसा जातो, तो याच तिजोरीतून जातो. नाल्याच्या दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती बांधल्या की काम दिसते, कंत्राटदार सुखी होतो आणि उद्‌घाटनाची पाटीही लागते. पण पाण्याचे मुरणे थांबते आणि खालच्या वस्तीवर लोंढा अधिक वेगाने येतो. जेथे जागा आहे तेथे मातीचा काठ, गवत आणि झाडे राखणे स्वस्तही आहे आणि शहाणपणाचेही.

तेव्हा सरकारने पावसाळा सरण्याची वाट न पाहता जलस्रोत, सार्वजनिक बांधकाम, आरोग्य ही खाती, प्रदूषण नियंत्रण मंडळ, पालिका-पंचायती आणि कोमुनिदादी यांना एका टेबलाभोवती बसवावे आणि गोव्याच्या भरतीओहोटीला धरून नाल्यांची नियमावली नव्याने लिहावी. तीत गाळ काढण्याची मुदत ३१ मार्च असावी, नमुना ओहोटीचा असावा, आणि प्रत्येक नाल्यापुढे जबाबदार अधिकाऱ्याचे नाव असावे. येत्या मृगापूर्वी सांतिनेज आणि साळ या दोन प्रवाहांवर जरी ती अंमलात आणून दाखविली, तरी बाकीच्या नाल्यांना वाली आहे, असे म्हणता येईल.