दहावीच्या पुस्तकातून डार्विन गेला, पण 'माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं?' याचं उत्तर काय?

जानेवारी 2018. तेव्हाच्या औरंगाबादमध्ये वैदिक संमेलन सुरू होतं. तिथं केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठंच सांगितलेलं नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून विरोध केला. प्रकाश जावडेकर तेव्हा खात्याचे मंत्री होते, त्यांनी सिंह यांना अशी विधानं टाळायला सांगितलं.

वाद मिटला असं वाटलं. पण 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातला 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' हा धडा नुसता 'आनुवंशिकता' झाला. कारण सांगितलं गेलं, कोविडनंतर अभ्यासाचा भार कमी करायचाय. 1800 हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी पत्र लिहून निषेध केला. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती अजून आहे, पण दहावीनंतर कॉमर्स किंवा आर्ट्सला जाणाऱ्या सीबीएसईच्या पोरांचं काय? महाराष्ट्र बोर्डात मात्र दहावीच्या विज्ञान भाग 2 चा पहिलाच धडा उत्क्रांतीचा आहे.

आता मूळ प्रश्न. एक तर आजच्या माकडाचा माणूस झाला असं विज्ञान म्हणतच नाही, दोघांचे पूर्वज एक होते असं म्हणतं. आणि 'कुणी पाहिलं' हे मुंबईच्या माजी पोलीस आयुक्तांनी विचारावं? (सिंह त्या पदावर होते.) साक्षीदार नसला तरी पुराव्यावर खून सिद्ध होतोच की.

असाच एक पुरावा जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटचा. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी तिथून गोळा केलेल्या दगडांत मांजराएवढ्या, खुरं असलेल्या प्राण्याची हाडं निघाली. नाव इंडोहायस, वय सुमारे 4.8 कोटी वर्षं. त्याच्या कानाच्या हाडाची जाड ठेवण देवमाशासारखी आहे. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालायचे, याचा धागा आपल्याच मातीत सापडला.

पण पहिला जीव आला कुठून? हा प्रश्न वेगळा आहे, आणि सोशल मीडियावरच्या भांडणात दोन्हींची हमखास खिचडी होते. उत्क्रांती सांगते ते जीव आल्यानंतरचं. त्याआधीचं कोडं अजून सुटलेलं नाही. 1953 मध्ये स्टॅनली मिलर यांनी वायू आणि पाण्यात विजेच्या ठिणग्या सोडून अमिनो आम्लं मिळवली, पण निर्जीव रसायनांपासून जिवंत पेशी आजवर कुणीच बनवलेली नाही. श्रद्धावानांना इथं देव दिसत असेल तर त्यासाठी डार्विनला खोटं ठरवायची गरज नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 मध्येच मान्य केलं होतं की उत्क्रांती हा निव्वळ तर्क राहिलेला नाही.

एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात या कोड्यावरही एक छोटी चौकट होती. निर्जीव रसायनांतून जीव घडला असावा, हा जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1929 मध्ये मांडलेला विचार त्यात होता. हाल्डेन जन्माने ब्रिटिश, पुढं भारताचे नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. धड्याबरोबर ती चौकटही गेली.