शफल बंद करा राव!

माझे २०१६चे लाडके अल्बम सांगून टाकतो. पहिला नंबर डेव्हिड बोवीच्या ‘ब्लॅकस्टार’चा. ८ जानेवारीला, ६९व्या वाढदिवशी त्यानं तो आणला आणि दोनच दिवसांनी गेला. कॅन्सर झालाय हे त्यानं चाहत्यांना कळूच दिलं नव्हतं. सातच गाणी, पण तो सॅक्सोफोन अंगावरच येतो.

‘सैराट’ची तर चारच. ‘झिंगाट’वर वरातीत नाचलात ना? (कोण नाही नाचलं!) आता हेडफोन लावून ‘याड लागलं’ ऐका. हॉलिवूडमध्ये रेकॉर्ड केलेला ऑर्केस्ट्रा मोबाइलच्या स्पीकरवर निम्मा गायब होतो.

आणि बियॉन्सेचा ‘लेमनेड’ प्लीज क्रमानंच ऐका. संशयापासून माफीपर्यंतची गोष्ट आहे ती. शफल मारलंत, तर माफी आधी आणि भांडण नंतर!