विश्लेषण : सुपरहिरोंचे प्रेम फक्त फेब्रुवारीपुरतेच का?

फेब्रुवारी महिना आला की अमेरिकेतील ‘डीसी कॉमिक्स’ ही कंपनी ‘व्हॅलेंटाइन डे’निमित्त खास कथासंग्रह बाजारात आणते. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे नायक आणि खलनायक या अंकात प्रेमात पडतात, रुसतात, कधी चक्क डेटवर जातात. असे अंक आता फोनवरही विकत घेऊन वाचता येत असल्याने वणीतील कॉलेजकुमारांपासून न्यूयॉर्कच्या चाहत्यांपर्यंत कोणीही त्यांचा वाचक होऊ शकतो. मात्र या गोडगुलाबी अंकांमागे दोन गंभीर प्रश्न आहेत. सुपरहिरोंना सुखाचा संसार का करू दिला जात नाही? आणि खलनायकाच्या प्रेमाला ‘रोमँटिक’ म्हणायचे का? यातील दुसरा प्रश्न वणीच्या परिसराला नवा नाही. सप्तशृंगीच्या गडावर ज्या ग्रंथाची पारायणे होतात, त्यातही तो आहे.

हे विशेषांक नेमके काय असतात?

साधारण ८० ते १०० पानांचा एक जाड अंक, त्यात आठ-दहा छोट्या कथा आणि प्रत्येक कथेचे लेखक-चित्रकार वेगळे, असे त्याचे स्वरूप असते. किंमत दहा डॉलरच्या आसपास, म्हणजे साडेआठशे रुपयांहून अधिक. २०२० मध्ये ‘क्राइम्स ऑफ पॅशन’, २०२१ मध्ये ‘लव्ह इज अ बॅटलफील्ड’, २०२२ मध्ये ‘स्ट्रेंज लव्ह ॲडव्हेंचर्स’, २०२३ मध्ये ‘हार्ली क्विन रोमान्सेस’, २०२४ मध्ये ‘हाऊ टू लूज अ गाय गार्डनर इन टेन डेज’ आणि २०२५ मध्ये ‘लेक्स अँड द सिटी’ असे हे अंक आले. यातील काही शीर्षके गाजलेले चित्रपट आणि मालिकांच्या नावांवर केलेली कोटी आहेत. ‘लेक्स’ म्हणजे सुपरमॅनचा कट्टर शत्रू लेक्स ल्युथर.

प्रेमकथांची कॉमिक्स अमेरिकेत नवी नाहीत. १९४७ मध्ये जो सायमन आणि जॅक किर्बी यांनी ‘यंग रोमान्स’ सुरू केले. ही तीच जोडी, जिने त्याआधी ‘कॅप्टन अमेरिका’ घडवला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर सुपरहिरोंचा खप ओसरला, तेव्हा प्रेमकथांनी हा धंदा सावरला. १९६० च्या दशकात सुपरहिरो पुन्हा जोमात आले आणि पुढे प्रेमकथांची स्वतंत्र मासिके हळूहळू बंद पडली. फेब्रुवारीतील विशेषांक हा त्याच परंपरेचा उरलेला धागा आहे.

मग एरवी प्रेमाचे वावडे का?

याचे उत्तर कथेत कमी आणि व्यवहारात अधिक आहे. बॅटमॅन किंवा स्पायडर-मॅन हे लेखकाचे नव्हे, तर कंपनीच्या मालकीचे पात्र असते. चित्रपट, खेळणी, टी-शर्ट असा मोठा पसारा त्यावर उभा असतो. पात्र म्हातारे झाले, संसारात रमले किंवा बदलले, तर पुढच्या पिढीला ते नव्याने विकायचे कसे, ही कंपन्यांची चिंता असते.

स्पायडर-मॅनचे उदाहरण बोलके आहे. १९८७ मध्ये त्याचे मेरी जेनशी लग्न लागले. मात्र २००७-०८ मधील ‘वन मोअर डे’ या कथेत मेफिस्टो नावाच्या सैतानाशी करार होतो आणि ते लग्न झालेच नव्हते, असे इतिहासच बदलून टाकला जातो. विवाहित स्पायडर-मॅन वयस्क वाटतो, अशी ‘मार्व्हल’च्या तेव्हाच्या मुख्य संपादकांची भूमिका होती. २०१३ मध्ये ‘बॅटवूमन’ मालिकेच्या लेखकद्वयीने काम सोडले. नायिकेचे तिच्या प्रेयसीशी लग्न लावण्यास मनाई झाली, हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक होते. त्यावर ‘डीसी’चे म्हणणे असे, की आक्षेप समलिंगी विवाहाला नाही, नायकांना सुखी खासगी आयुष्य असूच नये.

बॅटमॅन आणि कॅटवूमन यांची ओढ तर १९४० पासूनची. ती चोर, तो चोर पकडणारा. २०१८ मध्ये पन्नासाव्या अंकात दोघांचे लग्न होणार, असा गाजावाजा झाला. ऐनवेळी कॅटवूमन निघून गेली. बॅटमॅन सुखी झाला तर तो बॅटमॅन राहणार नाही, असे तिला पटवले गेले होते.

विशेषांकाचे गमक इथे आहे. त्यातील बहुतेक कथा सुट्या असतात. मुख्य मालिकेवर त्यांचा परिणाम होत नाही. त्यामुळे वर्षभर अडवून ठेवलेले प्रेम या अंकात बिनधोक दाखवता येते आणि मार्चमध्ये सारे पूर्वपदावर येते.

मराठी वाचकांच्या नायकांचे काय?

मराठी घरांत प्रेमात पडलेला सुपरहिरो पोहोचला तो ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ समूहाने १९६४ मध्ये मुंबईतून सुरू केलेली ही मालिका मराठीतही निघत असे. त्यातील वेताळ आणि जादूगार मॅन्ड्रेक हे ली फॉक यांचे मानसपुत्र. वेताळाने डायनाची वर्षानुवर्षे वाट पाहिली आणि १९७७ मध्ये वृत्तपत्रातील चित्रमालिकेत तिच्याशी लग्न केले. त्यांना जुळी मुलेही झाली. मॅन्ड्रेकची नार्डा तर सुरुवातीला त्याच्या विरोधातच उभी होती. ती पुढे त्याची सखी झाली आणि १९९७ मध्ये पत्नी. या दोन्ही मालिका स्वतः फॉक अखेरपर्यंत लिहीत होते. पात्राला जन्म देणाऱ्याच्याच हाती लेखणी राहिली, की नायकाला संसारही मिळू शकतो, हे यातून दिसते.

याच ‘इंद्रजाल’साठी आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये ‘बहादूर’ घडवला. त्याची जोडीदार बेला त्याच्या बरोबरीने दरोडेखोरांशी लढे. हिंदीतील ‘राज कॉमिक्स’मध्ये सुपर कमांडो ध्रुवचे प्रेम जडले ते नताशावर. ती खलनायक ग्रँड मास्टर रोबोची मुलगी. २००४ मध्ये ‘स्पायडर-मॅन : इंडिया’मधून मुंबईत वावरणारा पवित्र प्रभाकर आला, त्याच्यासोबत मीरा जैन आली. हाच पवित्र २०२३ मधील ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात दिसला आणि तो चित्रपट मराठीतही प्रदर्शित झाला. तिथे त्याची प्रेयसी गायत्री ही पोलीस अधिकाऱ्याची मुलगी आहे.

खलनायकाचे प्रेम धोक्याचे का?

कॅटवूमन किंवा नार्डा यांच्या बाबतीत दोन्ही बाजूंना होकार-नकाराचा हक्क आहे. जोकर आणि हार्ली क्विन यांचे तसे नाही. १९९२ मध्ये बॅटमॅनच्या कार्टून मालिकेतून आलेली हार्ली मुळात मानसोपचारतज्ज्ञ. तिच्यावर उपचाराची जबाबदारी असलेला जोकर तिलाच आपल्या जाळ्यात ओढतो. १९९४ च्या ‘मॅड लव्ह’ या कॉमिकमध्ये तो तिला खिडकीतून ढकलून देतो, तरी ती त्याच्याकडे परतते. पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांनी ही गोष्ट प्रेमकथा म्हणून नव्हे, तर छळाची गोष्ट म्हणूनच सांगितली होती. पुढे मात्र टी-शर्ट, स्टेटस आणि रील्सवर हे दोघे ‘आदर्श वेडी जोडी’ म्हणून मिरवू लागले. कॉमिक्सनीच नंतर हार्लीला जोकरपासून सोडवले आणि पॉयझन आयव्हीशी बरोबरीच्या नात्यात आणले. अलीकडच्या व्हॅलेंटाइन अंकांत ही जोडी दिसते ती त्यामुळे.

महाराष्ट्रात हा मुद्दा केवळ कॉमिक्सचा राहत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाट येथे एका तरुण प्राध्यापिकेला एकतर्फी प्रेमातून भररस्त्यात पेटवून देण्यात आले. आठवडाभराने तिचा मृत्यू झाला. दोषीला फेब्रुवारी २०२२ मध्ये जन्मठेप झाली. पाठलाग हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. स्पष्ट नकारानंतरही वारंवार संपर्क साधणे, तसेच एखाद्या स्त्रीच्या इंटरनेट वापरावर नजर ठेवणे हेही त्यात येते.

सप्तशृंगीच्या गडाशी याचा काय संबंध?

वणीची देवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सप्तशृंगीची मूर्ती अठरा भुजांची आहे. समोरच्या मार्कंडेय डोंगरावर ऋषी पुराण सांगत आणि ते ऐकण्यासाठी देवीने मान कलती केली, अशी श्रद्धा आहे. त्याच मार्कंडेय पुराणात सातशे श्लोकांची दुर्गा सप्तशती येते. तिच्या पाचव्या अध्यायात शुंभ हा असुर देवीकडे दूत पाठवून लग्नाची मागणी घालतो. जगातली सारी रत्ने शुंभाकडे आहेत आणि तू स्त्रियांमधले रत्न आहेस, तेव्हा तूही त्याचीच, असा दूताचा युक्तिवाद. युद्धात जो मला जिंकेल तोच माझा पती, ही माझी प्रतिज्ञा आहे, असे देवी सांगते. यावर शुंभ काय करतो? तिला केस धरून फरफटत आणा, असा हुकूम सोडतो.

‘आवडली म्हणजे माझी’ हा खलनायकाचा हिशेब किती जुना आहे, हे यातून कळते. मात्र पुराणकर्त्याने शुंभाच्या मागणीला प्रेम म्हटलेले नाही. नकार ऐकताच मागणीचा हुकूम कसा होतो, ते त्याने उघड दाखवले आणि शुंभाचा शेवटही सांगितला.

वाचकांनी हे अंक कसे वाचावेत?

मजेसाठी जरूर वाचावेत. लेक्स ल्युथरची डेट हा विनोद आहे आणि तो विनोद म्हणूनच लिहिलेला असतो. नायक-खलनायकाच्या प्रेमाला हरकत घेण्याचेही कारण नाही. शत्रुत्वातून जुळलेल्या अनेक जोड्या वाचकांच्या लाडक्या आहेत. पाहायचे ते एवढेच, की कथेत ‘नाही’ म्हणण्याची मुभा दोघांनाही आहे का आणि ते ऐकल्यावर समोरचा काय करतो. मुलांच्या फोनवर असे अंक दिसले, तर ते काढून घेण्यापेक्षा हा प्रश्न त्यांना विचारणे पालकांच्या अधिक उपयोगाचे ठरेल.