कावळा शिवला की सुटलो?

‘‘पण ती परत आली कशाला?’’

गेल्या पावसाळ्यात हा प्रश्न आमच्या टिळकवाडीच्या घरात इतक्या वेळा विचारला गेला, की शेवटी मी त्यावरून भांडण काढले. ते घरात मिटले नाही. म्हणून दिवाळीच्या निमित्ताने चार लोकांपुढे मांडतो आहे. फराळ खाता खाता वाचकांनी निवाडा करावा.

निमित्त एका फ्रेंच मालिकेचे. ‘ले रेव्हनाँ’ तिचे नाव. २०१२ साली ती फ्रान्समध्ये प्रथम दाखवली गेली, पुढल्या वर्षी तिला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला, आणि आमच्याकडे ती भाच्याच्या लॅपटॉपमधून आली. बाहेर बेळगावचा पाऊस, आत आठ रात्री आठ भाग. पडद्याखाली इंग्रजी ओळी उमटत, त्या भाचा वाचायचा आणि मराठीत सांगायचा. प्रेक्षकांत मी, आमची सौ., गल्लीतले निवृत्त मास्तर आणि शेजारच्या आक्का. आक्का कन्नड. त्यांना फ्रेंच कळत नाही, इंग्रजी कळत नाही, मराठी कळते पण बोलताना त्या कन्नडच बोलतात. मालिका सर्वांत आधी त्यांनाच कळली, हे मी मागाहून सांगणार आहे.

गोष्ट अशी. आल्प्सच्या डोंगरात एक लहान गाव, वर मोठे धरण. चार वर्षांपूर्वी शाळेची बस दरीत कोसळली आणि मुले गेली. त्यांतली एक कामीय, पंधरा वर्षांची. एके रात्री ही मुलगी डोंगरातून चालत घरी येते. आपण मेलो आहोत याची तिला कल्पना नाही. उशीर झाला म्हणून आई रागावेल, एवढीच काय ती धास्ती. सरळ स्वयंपाकघरात शिरते, फ्रीज उघडते आणि खायला लागते. आई दारात उभी. तिने या मुलीच्या खोलीचे देवघर करून ठेवलेले; फोटो, मेणबत्त्या. ती किंचाळत नाही, मुलीला कवटाळत नाही. तोल सांभाळत, जणू काही झालेच नाही अशा आवाजात तिच्याशी बोलत राहते. हा प्रसंग मी तीनदा पाहिला. भुताच्या इतक्या गोष्टी वाचल्या, पाहिल्या. पण भूत भुकेलेले आहे आणि आई त्याला घाबरवू नये म्हणून जपते आहे, हे कुठे पाहिले नव्हते.

कामीयला जुळी बहीण आहे, लेना. बस कोसळली त्या दिवशी ती आजारपणाचे सोंग करून घरी राहिली होती. ती आता एकोणीस वर्षांची. जुळ्या बहिणी, आणि वयात चार वर्षांचे अंतर! मग दुसरेही येऊ लागतात. लग्नाच्या दिवशीच मेलेला सिमाँ दहा वर्षांनी नवरीला शोधत येतो, तर ती दुसऱ्याच्या घरात लग्नाच्या तयारीत. एक लहान मुलगा काही न बोलता एका नर्सबाईच्या मागोमाग तिच्या घरी जातो. तीही ठेवून घेते. नाव सांगत नाही म्हणून व्हिक्टर असे नाव देते. एका म्हाताऱ्या मास्तरांची तरुणपणी गेलेली बायको येते, आणि म्हातारा धरणावर जाऊन उडी टाकतो.

आता आमची मंडळी. भाच्याने तिसऱ्या भागापासून वही घातली. बाण काढले, वर्षे मांडली. त्याचा पहिला सिद्धान्त असा की गावातले सगळेच मेलेले आहेत. पाचव्या भागात तो कोसळला तेव्हा काळ उलटा फिरतो असा दुसरा आला. मास्तरांना वही लागली नाही. त्यांचे उत्तर तयार होते: ‘‘वासना राहिली असणार. मुलीची काय इच्छा राहिली ते शोधा, म्हणजे उलगडा होईल.’’

मास्तरांना हसू नका. हे उत्तर आपल्या हाडीमांशी खिळलेले आहे. आपल्याकडे प्रत्येक भुताला कारण असते. मुंज होऊन लग्नाआधी गेला तो मुंजा, त्याचा मुक्काम पिंपळावर. बाळंतपणात गेली ती हडळ. ब्रह्मसमंध वेगळा, खवीस वेगळा. ही यादी एखाद्या कचेरीतल्या दप्तरासारखी आहे: नाव, मृत्यूचे कारण, राहिलेली इच्छा, सध्याचा पत्ता. आणि इच्छा कळली की ती पुरवायची आणि दप्तर बंद करायचे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, की घरातला कोणी तरी पुढे होऊन हात जोडतो, ‘पोरीचे लग्न मी करून देईन’, ‘म्हातारीला अंतर देणार नाही’ असे म्हणतो. कावळा शिवतो. सगळे उठतात, पंचे झटकतात, चहाची चौकशी सुरू होते.

फ्रेंच मालिकेत नेमका हा सौदाच नाही, आणि म्हणूनच आमचे लोक अस्वस्थ झाले. कामीयला काही नको आहे. तिची इच्छा राहिलेली नाही. तिचे अख्खे आयुष्य राहिले आहे. तिला आपली खोली हवी, जेवण हवे, बहीण पूर्वीसारखी हवी. आणि हेच कोणाला देता येत नाही. आईबाप तिला लपवतात. बाहेरच्यांना सांगतात, ही चुलत बहीण, आलीस नाव हिचे. जिच्या फोटोपुढे चार वर्षे मेणबत्त्या लावल्या, ती प्रत्यक्ष आली तर तिच्या स्वतःच्या गावात तिला स्वतःचे नाव घ्यायची चोरी! ती परत आली कशाला, हा प्रश्न मालिकेत पडतोच, पण त्याहून खाली दुसरा दबलेला आहे: आता हिला ठेवायची कुठे?

याच नावाचा एक चित्रपट २००४ साली रोबाँ काम्पियो याने काढला होता, त्यावरून ही मालिका बेतली. त्यात तर हजारो मेलेले एकदम परततात आणि नगरपालिकेपुढे प्रश्न उभा राहतो, यांना राहायला जागा कुठली, यांच्या पूर्वीच्या नोकऱ्यांचे काय करायचे. भाच्याला तो कंटाळवाणा वाटला. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला रांगेत उभे राहणाऱ्या माझ्यासारख्या पेन्शनराला मात्र त्यात सर्वांत जास्त भीती वाटली.

कोणी म्हणेल, कोडे घालणाऱ्याने उत्तर देऊ नये का? मान्य. खुनाची कादंबरी लिहून खुनी न सांगणारा लेखक लबाड. या मालिकेतही थोडी लबाडी आहे, ती मी झाकत नाही. परतलेल्यांच्या अंगावर डाग उमटतात, गावातली वीज जाते, धरणाचे पाणी कारणाशिवाय उतरते. यांतले काही निव्वळ प्रेक्षक पुढच्या वर्षापर्यंत टिकावा म्हणून घातलेले आमिष आहे. शेवटच्या भागात परतलेल्यांचा जमाव रात्री दाराशी येतो, आमची माणसे आमच्या हवाली करा म्हणतो, आणि सकाळी गाव पाण्याखाली. भाच्याने वही आपटली. दुसरे पर्व यायला २०१५ साल उजाडले. त्यात काही गाठी सोडवल्या आहेत आणि माझ्या मते जिथे जिथे सोडवल्या तिथे तिथे गोष्ट पातळ झाली. त्याच साली अमेरिकनांनी आपली आवृत्ती काढली. ती एका पर्वात बंद पडली.

पण त्या जमावाच्या रात्री काय होते, ते पाहिले का कोणी? वहीत ते नव्हते. कामीयची आई क्लेअर उठते आणि मुलीबरोबर चालू लागते. नर्सबाई त्या परक्या पोराचा हात धरून निघते. दोघींनाही काही उलगडलेले नाही. सिद्धान्त मांडणारे, प्रार्थना करणारे आत राहतात.

धरणाचे थोडे सांगायलाच हवे. मालिकेत जलाशय उतरू लागतो तसा पाण्यातून चर्चचा मनोरा दिसतो. जुने धरण फुटून बुडालेल्या वस्तीचा तो. हे धरण म्हणून आपल्याला जे दाखवतात ते साव्वा प्रांतातले तीन्यचे धरण, सुमारे १८० मीटर उंचीचे. त्यापायी १९५२ साली तीन्य हे जुने गाव खरोखरच बुडवले. गावकऱ्यांचा विरोध होता, तो मोडून काढला. जाताना स्मशानातली प्रेते उकरून वर न्यावी लागली. वर नव्या जागी जुन्या चर्चसारखेच चर्च बांधून दिले. म्हणजे ज्या पाण्याकडे कॅमेरा रोखला आहे, त्याच्याखालून मेलेली माणसे एकदा खरीच परत आणलेली आहेत. हे कळल्यावर मला तरी कोड्याचे उत्तर नकोसे झाले.

आणि हे आपल्याला परके नाही. माझी सासुरवाडी सांग्याची. तिथले कुर्डी गाव साळावलीच्या धरणात गेले. मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी ते हेच. माणसे वाडें आणि वालकिणीला वसवली. दर मे महिन्यात पाणी उतरते आणि गाव वर येते: जोती, वाटा, विहिरींचे कठडे, सोमेश्वराचे देऊळ. मग गावची माणसे येतात. हिंदू देवळाशी उत्सव करतात, ख्रिस्ती आपल्या कपेलाशी जमतात. मी सौ.बरोबर एकदा गेलो होतो. तिच्या नात्यातल्या एक आजी भेगाळलेल्या चिखलात उभ्या राहून नातवाला दाखवत होत्या, ही आमची चूल, इथे गोठा, इथे माझी सासू बसायची. तिथे कोणी विचारले नाही, की गाव वर कशाला आले. आले आहे, तर भेटायला जायचे. पाऊस पडला की परत जाईल, हे सगळ्यांना ठाऊक.

‘‘कुर्डीची गोष्ट वेगळी,’’ भाचा म्हणाला. ‘‘तिथे पाणी का उतरतं ते माहीत आहे.’’

‘‘तुझी आजी का मेली तेही माहीत आहे,’’ सौ. म्हणाली. ‘‘काय उपयोग झाला?’’

आता आक्का. पहिल्याच रात्री, कामीय फ्रीजपाशी उभी राहून खात होती तेव्हा, आम्ही सगळे एकमेकांना विचारत होतो की ही कोण, कुठून आली, जिवंत की मेलेली. आक्का पुढे झुकून म्हणाल्या, ‘‘पाप, हुडुगीगे हसिवागेद.’’ बिचाऱ्या पोरीला भूक लागली आहे. आणि दुसऱ्या दिवशी येताच त्यांनी विचारले, ‘‘ऊट माडिदळा?’’ जेवली का ती? आपल्या भागात कोणीही दारात आले की कन्नड माणूस आधी हेच विचारतो, ‘ऊट आयता?’ आपण त्याला नुसता शिष्टाचार समजतो. मास्तरांनी आक्कांना समजावून सांगितले, की ती मुलगी मेलेली आहे. आक्का म्हणाल्या, हो, ते कळले मला. पण जेवली का?

मी इतका तावातावाने का बोलतो, असे सौ.ने मला विचारले. तिला कारण माहीत होते, तरी विचारले.

१९७४ साली माझा थोरला भाऊ कावीळ होऊन गेला. एकोणीस वर्षांचा होता, मी चौदाचा. दहाव्या दिवशी कावळा शिवेना. आमचे आण्णा कडक माणूस, पण ऊन चढले तसे तेही घाबरे झाले. भटजी म्हणाले, काही राहिले असेल तर बोला. काकांनी आईला सांभाळण्याचे वचन दिले. नाही शिवला. आण्णांनी धाकट्याला शिकवीन म्हटले, म्हणजे मला. नाही. शेवटी आण्णा म्हणाले, ‘‘तुझी सायकल विकणार नाही.’’ कावळा शिवला.

मास्तर ही गोष्ट ऐकून म्हणाले, ‘‘बघा, म्हणजे इच्छा होतीच!’’ माझे आणि त्यांचे भांडण इथेच आहे. दादाला सायकल हवी होती, यात काय कोडे? एकोणीस वर्षांच्या पोराला सायकल हवी असते, तशी अजून पन्नास वर्षेही हवी असतात. ती आमच्याकडे नव्हती, म्हणून सायकलीवर भागवले आणि कावळ्याने पावती दिली. आई सोडून सगळे निश्चिंत झाले. दादाची खोली मला मिळाली. त्याचे नाव घरात घेतले की आई उठून आत जाई, म्हणून आम्ही ते घेईनासे झालो. पुढे माझ्या मुलीला मी परवापरवापर्यंत सांगितले नव्हते, की तिला आणखी एक काका होता.

कामीयची जुळी बहीण पडद्यावर म्हातारी होत नाही, चारच वर्षांनी मोठी होते, तरी तिला पाहवत नाही. मी तर पासष्टी ओलांडली. उद्या फाटक वाजले आणि ओला होऊन दादा आत आला, तर तो मला ओळखणार नाही. आण्णा समजेल कदाचित. त्याला मी काय आलीस म्हणून शेजाऱ्यांत खपवणार? जेवायला वाढीन. आक्का आहेतच शेजारी. पण जेवण झाल्यावर तो सायकल विचारील.

ती आण्णांनी वर्षाच्या आत मच्छ्याच्या एका दूधवाल्याला विकली. ऐंशी रुपये आले, त्यांत माझी शाळेची फी आणि पुस्तके झाली. हे माहीत असलेला आता घरात मी एकटाच उरलो आहे.