दळण आणि पिष्टपेषण

इंग्रजी पुस्तकें वाचतांना आमच्या विद्यार्थ्यांस ‘ग्रिस्ट’ हा जुना शब्द कधीं कधीं भेटतो. दळण्यासाठीं गिरणींत आणलेलें धान्य, हा त्याचा मूळ अर्थ. आणि दळणें या अर्थाच्या ‘ग्राइंड’ या क्रियापदाशीं त्याचें सख्खें नातें आहे. मराठींत त्यास ‘दळण’ हा नेमका प्रतिशब्द असून तोही ‘दळणें’ यापासूनच झाला आहे. परंतु या दोन शब्दांचे लाक्षणिक अर्थ पाहिले म्हणजे नवल वाटतें. एखादी गोष्ट आपल्या गिरणीचें दळण आहे असें इंग्रज मनुष्य म्हणतो, तेव्हां ती आपल्या लाभाची आहे असें त्यास सांगावयाचें असतें. आपण मात्र कोणी तेंच तें बोलूं लागला कीं, ‘पुरे तुमचें दळण!’ असें म्हणून कंटाळा दाखवितों. एकाच वस्तूस तिकडे मान कां व इकडे अवमान कां?

याचें उत्तर आमच्या मतें, दळण कोण दळीत होतें, यांत आहे. इंग्लंडांत १२ व्या शतकापासून पवनचक्क्या फिरूं लागल्या, पाणचक्क्या त्यापूर्वींच्या. पुष्कळ ठिकाणीं कुळांनीं आपलें धान्य जमीनदाराच्याच गिरणींत दळावें असा दंडक असे, आणि दळणावळ म्हणून त्या धान्याचाच कांहीं हिस्सा कापून घेतला जाई. अर्थात् दारीं आलेलें प्रत्येक पोतें ही गिरणीवाल्याची मिळकत. पवित्र शास्त्रांतील ‘अनुवाद’ या पुस्तकावरील कॅल्व्हिनचीं प्रवचनें आर्थर गोल्डिंग यानें १५८३ सालीं इंग्रजींत आणलीं. त्यांत हा वाक्प्रचार लाभाच्याच अर्थीं आला आहे.

आपल्याकडे छत्रपति संभाजीनगरच्या पाणचक्कीसारखे अपवाद सोडले, तर दळण घरींच होई. ‘जातें’ हा शब्द संस्कृत ‘यंत्र’ शब्दापासून आला. पण या यंत्रास फिरविणारा वारा नव्हता, बाईचा हात होता. राजूरच्या या डोंगराळ भागांत नागलीची भाकरी ताटांत पडावयाची, तर घरांतील बाईनें पहाटे सर्वांच्या आधीं उठून खुंटा धरावयाचा आणि जात्याच्या तोंडांत मूठमूठ वैरण घालावयाची. ती घरघर अंथरुणांत पडून ऐकणाऱ्यास एकसुरी वाटली, आणि त्यानेंच दळणास कंटाळ्याचा अर्थ दिला, असें आम्हांस वाटतें.

जी दळीत होती, तिचा अनुभव ‘जात्यावर बसलें कीं ओवी सुचते’ या म्हणींत आहे. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील हजारावर गांवांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत माहेर आहे, सासुरवास आहे, विठ्ठल आहे आणि डॉ. आंबेडकरही आहेत. ज्या कामांतून हें सारें निघालें, तें काम निरर्थक बडबडीचें नांव कसें व्हावें? ज्या ‘अनुवादा’चा उल्लेख वर आला, त्याच्याच २४ व्या अध्यायांत जातें किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊं नये, अशी आज्ञा आहे, कारण तें माणसाचा जीवच गहाण घेण्यासारखें होय.

कोणी म्हणेल कीं, शब्दाचा अर्थ रूढि ठरविते, शिक्षक नव्हे. तें आम्हांस मान्य आहे. परंतु निरर्थक पुनरुक्तीसाठीं आपल्याजवळ ‘पिष्टपेषण’ हा अधिक नेमका शब्द आहे. पिष्ट म्हणजे पीठ. पिठाचेंच पुन्हां पीठ करणें तें पिष्टपेषण. तेथें जातें फिरतें, हातही दुखतात, पण नवें कांहींच पदरीं पडत नाहीं. दळणांत मात्र मुठीमुठीनें कां होईना, दाण्याचें अन्न होतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं हा भेद अभ्यासासही लावून पाहावा. मार्गदर्शकांतील तयार उत्तर जसेंच्या तसें घोकून उतरविणें हें पिष्टपेषण. धडा स्वतः वाचून, अडून, विचारून समजून घेणें हें दळण.

अकोले तालुक्यांत पट्टा किल्ल्याच्या आसमंतांतील डोंगरांवर वीज निर्माण करणारे उंच मनोरे उभे आहेत. तेथें धान्याचा दाणाही दळला जात नाहीं, तरी त्यांचें नांव पवनचक्कीच. आपल्या घरचें जातेंही आतां बहुधा लग्नांत हळद दळण्यापुरतें कोपऱ्यांतून बाहेर येतें. तें पुन्हां रोज फिरावें असें आम्ही म्हणत नाहीं; गिरणीनें स्त्रियांचे कष्ट हलके केले, हें चांगलेंच झालें. पालकांस विनंती इतकीच कीं, दिवाळीच्या सुटींत एक दिवस जातें मांडून मुलगा व मुलगी दोघांसही त्यावर बसवावें, पायलीभर नागली दळूं द्यावी, आणि आजीस तिच्या ओव्या विचारूं द्याव्या. मग कोणाच्या बोलण्यास ‘दळण’ म्हणण्यापूर्वीं तीं क्षणभर थांबतील.